पुंगळीच्या आत काय असते?

यामाहाची आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आली आणि दोन-तीन वर्षांत कोल्हापूरच्या तालमींपासून कॉलेजांच्या फाटकांपर्यंत तिचाच आवाज ऐकू येऊ लागला. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर आकडे साधेच. पण रात्री रंकाळ्याच्या कडेने कोणी ती पिळत गेला, की शिवाजी पेठेतली म्हातारी माणसे अंथरुणातूनच त्याचा उद्धार करीत. या पिळणाऱ्यांपैकी अनेकांनी गाडी दारात आल्याबरोबर एक काम उरकलेले असे : सायलेन्सरच्या शेपटाचा स्क्रू सोडायचा आणि आतली पुंगळी ओढून काढायची. आवाज वाढतो, म्हणजे ताकद वाढली, असा सगळ्यांचा ठाम समज. पुंगळी काढलेल्या गाड्यांवर पोलिसांची कारवाई ही बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आजही अधूनमधून येते, यावरून तो समज किती चिवट आहे हे कळावे.

जुन्या मिस्त्रींना मात्र हे पटत नसे. उद्यमनगरातला एखादा पिकल्या मिशांचा मिस्त्री पान्याने स्क्रू सोडता सोडता म्हणायचा, "काढ म्हणतोयस तर काढतो बाळ, पर गाडी खालनं मरंल बघ. आवाज हुईल, पळायची न्हाई." का मरेल, असे विचारले तर तो हसून पुढच्या गाडीकडे वळे. त्याच्या हाताला ते ठाऊक होते. कारण सांगायला लागणारे शब्द त्याच्यापर्यंत आले नव्हते, आणि त्यांना कोल्हापूरला यायला फार मोठा वळसा पडला. ते निघाले होते पूर्व जर्मनीतून.

तिथल्या एमझेड कारखान्याच्या शर्यत विभागात वॉल्टर काडेन नावाचा अभियंता होता. दुसऱ्या महायुद्धात तो पेनेम्युंडेच्या रॉकेट केंद्रात कामाला होता. पन्नासच्या दशकात त्याच्या हाती आले टू-स्ट्रोक इंजिन. त्या काळी या इंजिनाला कोणी फार मान देत नसे. त्यात झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला भोके असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना ती उघडतो, झाकतो. जळालेला वायू बाहेर जायचे भोक उघडे असतानाच ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येत असते. साहजिकच काही ताजे मिश्रण धुराच्या मागोमाग बाहेर निसटते. पेट्रोलचे पैसे सायलेन्सरमधून उडून जातात आणि ताकदही तेवढी कमी मिळते.

काडेनने लक्ष घातले ते सायलेन्सरच्या नळीत. धुराचा प्रत्येक स्फोट म्हणजे दाबाची एक लाट. नळी जिथे रुंद होत जाते तिथून तिचा उलटा पडसाद ओढ घेऊन परततो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेतो. नळी जिथे पुन्हा अरुंद होते तिथून परतणारा पडसाद ढकलणारा असतो. विहिरीत मारलेली हाक परत यावी तसा तो येतो आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण भोक बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये परत कोंबतो. नळी किती लांब, पोट किती फुगीर, शेपूट किती बारीक, या मापांवर तो पडसाद नेमका वेळेवर येतो की उशिरा, हे ठरते. म्हणून असे इंजिन एका ठरावीक फेऱ्यांपाशी आल्यावर एकदम अंगात आल्यासारखे धावते आणि त्याखाली सुस्त असते. शेवटची बारीक नळी, म्हणजे आपली पुंगळी, आतला दाब धरून ठेवते. ती मोकळी केली की आवाज वाढतो, दाब ढळतो, आणि गाडी, मिस्त्री म्हणत होता तशी, खालनं मरते.

१९६१ साली काडेनच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. लिटरच्या हिशेबाने ही २०० अश्वशक्ती. पंप लावून हवा कोंबल्याशिवाय तोवर कोणत्याही इंजिनाने ती गाठली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीवेळी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेगनर पळाला. बायकामुले आधीच पश्चिमेकडे काढून नेण्याची व्यवस्था त्याने केली होती. जाताना काडेनची विद्या तो डोक्यात घेऊन गेला आणि जपानात सुझुकीच्या पदरात टाकली. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद सुझुकीला मिळाले. स्वार होता डेगनर. काडेन आयुष्यभर एमझेडमध्येच राहिला. चोरीचा माल पुढे जगभर पोहोचतो आणि मूळ मालक गावातच राहतो, ही गोष्ट कारखानदारीत नवी नाही, पण इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

ही हकिगत सर्वसामान्य वाचकाला सविस्तर सांगितली ती मॅट ऑक्स्ली या ब्रिटिश मोटारसायकल पत्रकाराने, 'स्टीलिंग स्पीड' या पुस्तकात. ऑक्स्ली स्वतः शर्यती खेळलेला. त्याच्या आधी गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन संपादकाने १९७३ मध्ये टू-स्ट्रोक कसे सुधारावे यावर एक हस्तपुस्तिका लिहिली. नळीची मापे कशी काढायची हे तिच्यात गणितासकट आहे आणि घरच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्या माणसाला झेपेल अशा भाषेत आहे. त्याच वर्षी 'सायकल' मासिकात केविन कॅमेरॉन लिहू लागला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस शर्यतीच्या गाड्या तयार करण्यात रमला आणि मग लेखणीकडे वळला. 'सायकल' १९९१ मध्ये बंद पडल्यावर तो 'सायकल वर्ल्ड'मध्ये गेला आणि तिथे अनेक वर्षे लिहीत राहिला.

यंत्र समजावून सांगणाऱ्या लेखनाच्या या परंपरेचे मूळ आणखी मागे जाते. ब्रिटनमध्ये 'द मोटर सायकल' हे साप्ताहिक १९०३ मध्ये निघाले. त्यात 'इक्सिऑन' या टोपणनावाने अर्धशतकाहून अधिक काळ लिहिणारे बॅझिल डेव्हिस हे चक्क चर्चचे धर्मोपदेशक होते. फिल आयर्व्हिंग हा ऑस्ट्रेलियन अभियंता व्हिन्सेंट मोटारसायकलींच्या रचनेत होता आणि 'स्लाइड रूल' या नावाने सदर लिहीत असे. त्याचे 'ट्यूनिंग फॉर स्पीड' १९४८ मध्ये आले. याच आयर्व्हिंगने पुढे रेपको कंपनीसाठी जे इंजिन घडवले त्यावर जॅक ब्रॅबहॅमने १९६६ची फॉर्म्युला वन स्पर्धा जिंकली. एवढा मोठा माणूस स्पार्क प्लगच्या फटीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे मला त्या स्पर्धेपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

पण यांतला कोणीही कोल्हापूरपर्यंत पोहोचणारा नव्हता. आणि खरे म्हणजे १९८०पूर्वी भारतात समजावून सांगण्यासारखे नवे काही येतही नव्हते. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि तिचीच पुढची येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत. वीसेक वर्षे त्याच तीन गाड्या. त्यांचे गुणदोष बाप मुलाला सांगत असे, मिस्त्री गिऱ्हाइकाला. मासिक कशाला हवे?

ते ऐंशीच्या दशकात लागले. परदेशी कंपन्यांशी भागीदारीची वाट सरकारने मोकळी केली आणि दोन-तीन वर्षांत चार शंभर सीसी गाड्या रस्त्यावर आल्या. १९८४ मध्ये होसूरहून इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि आरएक्स १००, पाठोपाठ आकुर्डीची कावासाकी बजाज. काडेनची विद्या जपानला वळसा घालून भारतात आली ती अशी. चारांपैकी तीन टू-स्ट्रोक आणि एकटी हिरो होंडा फोर-स्ट्रोक. कंपनी लिटरला ८० किलोमीटर म्हणत होती. राजदूतवर दूध घालायला जाणाऱ्या करवीर-कागलच्या शेतकऱ्याला हे थापेसारखे वाटले यात नवल काय?

याच सुमाराला, १९८६ मध्ये, नागपूरच्या आदिल जल दारूखानावाला यांनी 'कार अँड बाईक इंटरनॅशनल' सुरू केले. त्याच वर्षी गौतम सेन यांचे 'इंडियन ऑटो'ही निघाले. मुंबई-दिल्ली सोडून मोटारींचे मासिक नागपुरातून निघावे याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. मराठी माणसाला साबणापासून शेतीच्या औजारांपर्यंत गोष्टी करून पाहायला शिकवणारे 'उद्यम' मासिकही नागपूरचेच. दारूखानावाला यांना इतिहासाचा नाद आहे. एखाद्या गाडीबद्दल बोलताना ते तिच्या आजोबा-पणजोबांपर्यंत जातात आणि परत येताना इंजिनाचा मुद्दा हाती देतात. कंपनीच्या पत्रकातले आकडे जसेच्या तसे छापायचे नाहीत, गाडी स्वतः चालवायची, मोजायची, आणि जे सापडले त्याचे कारण द्यायचे, ही सवय भारतीय वाचकाला लावण्यात त्यांच्या पिढीचा वाटा मोठा आहे.

ऐंशी किलोमीटरचे कारण म्हणजे पुन्हा तेच निसटणारे मिश्रण. फोर-स्ट्रोकमध्ये आत घेणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही कामे पिस्टनच्या चार वेगवेगळ्या धावांत होतात आणि प्रत्येक दाराला स्वतःची झडप असते. ताजे पेट्रोल धुराबरोबर पळून जायला वावच फार थोडा. हे एकदा कळले की सीडी १०० ही जादू उरत नाही आणि आरएक्सची तहानही समजते. गाडी कोणती घ्यायची हा प्रश्न मग तालमीतल्या पैजेतून निघून खिशाच्या हिशेबात येतो.

हे सगळे ऐकायला कोल्हापूरइतके तयार गाव महाराष्ट्रात दुसरे नव्हते. १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी इथेच, विष्णुपंत दामले यांच्या साथीने, सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' चित्रित केला. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे ती गोष्ट कलेच्या खात्यावर मांडतात. मी ती लेथच्या खात्यावर मांडीन. पुढे गुऱ्हाळांना आणि विहिरींना परदेशी ऑईल इंजिने आली. ती दुरुस्त करता करता इथल्या कारागिरांनी ती ओतायला आणि बनवायलाच सुरुवात केली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे आजही उद्यमनगरात आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा फौंड्रींचा पट्टा वाढत गेला. मेनन पिस्टन्स ही कंपनी १९७७ पासून कोल्हापुरात पिस्टन बनवते. देशभरातल्या गाड्यांच्या पोटात कोल्हापूरचे ओतकाम आहे.

तरीही इथे एक विचित्र फट होती. ओतकामात ब्लोहोल का आला हे ओळखणारा माणूस संध्याकाळी घरी जाताना स्वतःच्या गाडीची पुंगळी काढून हिंडत असे. वस्तू घडवणे आणि ती का तशी घडवली हे समजणे यांत अंतर असते, आणि ते अंतर हाताने भरून निघत नाही. त्याला सांगणारा लागतो. कोल्हापुरात ते काम बरेचसे इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या पोरांनी केले. गॅरेजच्या बाकड्यावर बसून इंग्रजी मासिक वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे. मिस्त्री ऐकून घ्यायचा, अर्धे खोडून काढायचा आणि उरलेले दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला स्वतःचे म्हणून सांगायचा. ही ज्ञानाची वाटणी कुठल्या इतिहासात लिहिलेली नाही, पण त्या वर्षांत गॅरेजात वेळ घालवलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

त्यातली काही कारणे तर जीव वाचवणारी होती. राजदूत आणि येझदीला ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून घालावे लागे. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आधी क्रँककेसमधून जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते, म्हणून तिथे ऑईलचे वेगळे तळे ठेवता येत नाही. पेट्रोलबरोबर जे ऑईल येईल तेवढेच वंगण. आता गगनबावड्याहून करूळ घाट उतरतानाचा विचार करा. गाडी गिअरमध्ये, रेस पूर्ण बंद, इंजिनाच्या फेऱ्या मात्र भरपूर. रेस बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजेच ऑईलही बंद. कोरडा पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. गाडी सीज. मागचे चाक वळणावर एकाएकी जाम. घाटात पडलेल्या कित्येकांनी आयुष्यभर खडीला दोष दिला. उपाय इतका साधा होता की ऐकून राग यावा : उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. जुने ट्रकवाले आणि मिस्त्री हे सांगत, पण कारण कळल्याशिवाय पोरे ऐकत नसत. कारण कळले की सांगावे लागत नाही.

बुलेटची किक हाही असाच विषय. डोळे झाकून किक मारणाऱ्याची नडगी ती परत मारून फोडते, आणि कोल्हापुरात ती फुटलेली नडगी अभिमानाने दाखवण्याची पद्धत होती. जुन्या बुलेटच्या दिव्याच्या डब्यावर अँमीटर असे. त्याचा काटा मधे का येतो, हे एकदा कळले की नडगी वाचते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलकडे करंट वाहतो आणि काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडले की करंट थांबतो आणि काटा मधे येतो. पॉइंट उघडतात ते पिस्टन दाबाच्या शिखराजवळ आल्यावर, आणि इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणजे तो काटा आत न बघता पिस्टन कुठे आहे हे सांगतो. काटा मधे आला की डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, ओढायचा, किक इंचभर पुढे न्यायची, सोडून वर आणायची आणि मग पूर्ण मारायची. साठ किलोचा पोरगा बुलेट चालू करतो, नव्वद किलोचा पैलवान घामाघूम होतो, यामागे एवढेच गुपित.

आता एक कडू गोष्ट. यंत्र वापरणाऱ्याला यंत्र समजावून सांगायचे, ही कल्पना इंग्रजी मासिकांनी आपल्याकडे आणलेली नाही. ती आपलीच होती, आणि कोल्हापूरहून मिरजमार्गे रेल्वेने काही तासांत पोहोचता येईल अशा ठिकाणी जन्मलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकल्या आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवल्या. लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. समजावल्याशिवाय यंत्र खपत नाही, हा धडा त्यांना असा मिळाला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या आवारातून निघालेले मराठी नियतकालिक. पुढे ते 'किर्लोस्कर' झाले, त्याला 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडे मिळाली, आणि मराठी समाजाच्या विचारांवर त्यांनी केलेले उपकार कोणी नाकारणार नाही. पण त्या प्रवासात नांगर आणि पंप मागे पडले. कथा, स्त्रीप्रश्न, समाजसुधारणा यांना मराठीने घरात घेतले आणि इंजिनाला अंगणात ठेवले. इंजिनाबद्दल वाचायचे तर इंग्रजी यायला हवे, हे आपण मुकाट्याने मान्य करून टाकले. नागपूरच्या दारूखानावाला यांनीसुद्धा इंग्रजीतच लिहिले. दोष त्यांचा नाही. जाहिराती आणि खप तिकडेच होता.

नव्वदनंतर गाड्यांवरच्या लेखनाचे केंद्र मुंबई-पुण्याकडे सरकले. १९९८ मध्ये 'ओव्हरड्राइव्ह' निघाले, संस्थापक-संपादक पुन्हा दारूखानावालाच. २००५ मध्ये पुण्यातून 'बाईक इंडिया' सुरू झाले आणि त्याचे संपादक झाले ॲस्पी भाथेना, शर्यतींच्या मैदानातून आलेले. पुणे यासाठी योग्यच होते. आकुर्डी-चाकणला बजाज, कायनेटिक तिथलीच, १९६६ पासून वाहने तपासणारी एआरएआय तिथे, आणि चाचणीचा ट्रॅक नगरला. शर्यत खेळलेला संपादक गाडीबद्दल लिहितो तेव्हा वाक्यात एक वजन येते. ब्रेक 'चांगले' आहेत असे तो लिहीत नाही. किती वेळा दाबल्यावर ते मऊ पडतात, हे लिहितो. विशेषणांनी मोटारसायकल समजत नाही. आजच्या परीक्षणांपैकी बरीचशी मी याच कारणाने अर्ध्यावर सोडतो.

त्या मासिकांची खरी परीक्षा झाली ती पल्सरच्या वेळी. २००१ मध्ये पल्सर आली आणि २००३ मध्ये तिच्यावर 'डीटीएस-आय'ची पट्टी लागली. एका सिलिंडरला दोन प्लग. कोल्हापुरात लगेच अर्थ लावला गेला की दोन प्लग म्हणजे दुप्पट ताकद, आणि एक प्लग खराब झाला तर दुसरा आहेच. पहिले चुकीचे, आणि दुसरे हे दोन प्लग लावण्याचे कारण नव्हे. मिश्रणाला एका टोकाला ठिणगी लागली तर ज्योत पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ घेते. दोन बाजूंनी पेटवले तर ते लवकर आणि पुरते जळते, म्हणून पेट्रोल थोडे कमी दिले तरी भागते. फायदा अॅव्हरेजचा आणि धुराचा. २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' नावाची दोन प्लगचीच गाडी आणायचे ठरवले, तेव्हा पेटंटचा वाद मद्रास उच्च न्यायालयात आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लहान इंजिनात दोन प्लग लावणे हा नवा शोध की जुन्याच कल्पनेचे नवे माप, हा प्रश्न न्यायमूर्तींपुढे होता. वर्तमानपत्रांनी तो दोन कंपन्यांचे भांडण म्हणून छापला. सिलिंडरच्या व्यासाचा आणि ज्योतीच्या प्रवासाचा त्याच्याशी संबंध काय, हे समजून घ्यायचे तर वाहन मासिकांकडेच जावे लागले.

मग १ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्बोरेटर जवळजवळ संपला. जेट साफ करून, सुई एक खाच वर घेऊन गाडी ठीक करणाऱ्या पिढीसमोर सेन्सर आणि संगणक आला. त्याआधी वर्षभर १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारे एबीएस सक्तीचे झाले होते. यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. एबीएस लागले की ब्रेकची पट्टी हातात थरथरते. ब्रेक बिघडला असे समजून लोक ती सोडून देतात, आणि नेमके त्याच क्षणी ती घट्ट धरून ठेवायची असते. समजावणाऱ्याची गरज कमी होईल असे वाटले होते, ती वाढली आहे.

समजावणारे मात्र आता कागदावरून पडद्यावर गेले. 'ओव्हरड्राइव्ह'मधून नाव झालेले शुभब्रत मरमार, ज्यांना वाचक 'शुमी' म्हणून ओळखतात, तेही पुढे व्हिडिओकडेच वळले. मराठीतही गाड्यांचे व्हिडिओ करणारी पोरे आहेत आणि त्यांतले काही खरोखर हुशार आहेत. पण पहिल्या दहा मिनिटांत रंग, मीटर आणि ऑन-रोड किंमत उरकली की इंजिनाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. दैनिकांच्या वाहन पुरवण्यांचा प्रकार यापेक्षा निराळा नाही.

कोल्हापुरातच आता काय कमी आहे? गावाजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, जिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे इथले चालक राष्ट्रीय शर्यतींत उतरले. फौंड्रीत चाळीस वर्षे काढून निवृत्त झालेले धातूचे जाणकार राजारामपुरीत सकाळी फिरताना भेटतात. केआयटी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक आहेत. उद्यमनगरात असे मिस्त्री आहेत की नुसत्या आवाजावरून टायमिंग चेन सैल झाली हे सांगतात. यांच्यापैकी कोणी महिन्याला दोन पाने लिहिली, तर विषयांचा तोटा नाही : पावसाळ्यात टायरची हवा किती ठेवावी, चेनला ग्रीस लावायचे की ऑईल, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या का कडक होतात, विजेच्या स्कूटरची बॅटरी उन्हात का लवकर दमते. इथेनॉल तर आपल्याच साखर कारखान्यांतून येते.

लिहिता न येणाऱ्या मिस्त्रीने सांगावे आणि कॉलेजातल्या पोराने उतरवून घ्यावे. आकडे स्वतः मोजावेत, विशेषणे गाळावीत, आणि कारण दिल्याशिवाय वाक्य संपवू नये. छापायला कोल्हापुरात दैनिके आणि छापखाने भरपूर आहेत. ज्यांच्यापाशी हे ज्ञान आहे त्यांनी ते मराठीत लिहायला घ्यावे, आणि संपादकांनी त्याला सुट्टीच्या पुरवणीत नव्हे, रोजच्या अंकात जागा द्यावी.